सांधा सुजलाय, सुई मारून घेऊ का?

या महिन्याच्या टपालात दुखण्यावरच्या इंजेक्शनची पत्रं इतकी निघाली, की मधुमेहाचे प्रश्न पुढच्या अंकात घेते. पत्रं थोडी आखडती केली आहेत. नावं काढून तालुका तेवढा ठेवला आहे.

प्रश्न : डॉक्टरताई, नमस्कार. आमच्या मामंजींचं वय पासष्ट. घरची उसाची शेती. गाळप सुरू झाल्यापासून त्यांचा उजवा गुडघा सुजलाय, पायरी चढवत नाही. गावातल्या दवाखान्यात जाऊन कमरेत सुई मारून घेतात, अर्ध्या तासात बरं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी परत फडात. गेल्या दीड आठवड्यात असं चार-पाच वेळा झालं. शिवाय गडहिंग्लजहून आणलेल्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ चालू आहेत, पाकिटावर एसिक्लोफेनॅक लिहिलंय. बीपीची गोळी बेळगावच्या डॉक्टरांची, तिच्यावर टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड अशी दोन नावं आहेत. सुईचं नाव कुणी सांगितलं नाही. आम्ही नको म्हटलं की म्हणतात, "गोळीनं पोट जळतंय. सुई थेट रक्तात जातीया, पोटाला काय त्रास न्हाई." हे खरं आहे का? दोन दिवसांपासून त्यांचे पाय सुजलेत आणि लघवीला कमी होतंय. — एक सूनबाई, हुक्केरी तालुका

उत्तर : पत्र मिळालं त्याच दिवशी तुम्हाला फोन केला होता, कारण तुमच्या शेवटच्या ओळी अंक छापून येईपर्यंत थांबण्यासारख्या नव्हत्या. फोनवर सांगितलं तेच इतरांसाठी लिहिते. दुखण्याची सुई किंवा गोळी चालू असताना लघवी कमी झाली, पायांवर किंवा चेहऱ्यावर सूज आली, दम लागू लागला, तर दुखण्याची ती औषधं तिथल्या तिथं बंद करायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारी तपासणी) आणि पोटॅशियम तपासायचं. उद्यावर ढकलायचं नाही, बाजारच्या दिवसाची वाट बघायची नाही. बीपीची गोळी आपल्या मनानं सोडू नये. पण रिपोर्ट हातात घेऊन डॉक्टरांना स्पष्ट विचारावं, की ती काही दिवस थांबवायची का. पोटॅशियम वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि ते बाहेरून कळत नाही. म्हणून ही तपासणी टाळायची नाही. वेळीच थांबलं तर बहुतेकांची किडनी पूर्वपदावर येते.

आता मामंजींच्या म्हणण्याकडे येते. सुई पोटात जात नाही म्हणून पोटाला त्रास नाही, हे मी दवाखान्यात जवळजवळ रोज ऐकते, शिकल्यासवरलेल्यांकडूनही. ते खरं नाही. आपल्या गावांत सांधेदुखीला दिली जाणारी सुई बहुधा डायक्लोफेनॅकची असते. व्होवेरान, डायनापार अशा नावांनी ती मिळते. प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं शरीरात तयार होतात, ती हे औषध रोखतं. सुजेतली वेदना, उष्णता आणि लाली यांच्यामागे हीच द्रव्यं असतात, म्हणून आराम पडतो. पण जठराच्या आतलं संरक्षक अस्तरही याच द्रव्यांच्या जोरावर टिकून असतं. औषध तोंडावाटे गेलं काय आणि कमरेतून गेलं काय, रक्तातून ते जठरापर्यंत पोचतंच. सुई घेणाऱ्यांनाही अल्सर होतो, त्यातून रक्त जातं. शी काळीकुट्ट आणि चिकट झाली, उलटीत रक्त दिसलं, उभं राहताना डोळ्यांपुढं अंधारी आली, तर तडक मोठं रुग्णालय गाठायचं. १०८ ची गाडी कर्नाटकातही आहे आणि महाराष्ट्रातही.

मग सुईचा फायदा काय? फक्त वेग. स्नायूत दिलेलं डायक्लोफेनॅक साधारण वीस मिनिटांत रक्तात वरच्या पातळीला पोचतं, आतड्यात विरघळणाऱ्या वेष्टणाच्या गोळीला दोनेक तास लागतात. उलट्या होताहेत, रात्री वेदनेनं माणूस तळमळतोय, पाय टेकवत नाही, अशा वेळी तो दीड-दोन तासांचा फरक मोलाचा असतो. मीही अशा वेळी सुई देते आणि ती द्यायलाच हवी असं मानते. पण माणूस गोळी गिळू शकतोय आणि दुपारपर्यंत थांबू शकतोय, तर सुईनं जास्तीचं काही हाती लागत नाही. "सुई जास्त ताकदीची" ही समजूत वीस मिनिटांत वाटणाऱ्या आरामातून आली आहे. औषध तेच, त्याचे धोके तेच, आणि टोचण्याचे धोके वर.

मात्रेचा हिशेब प्रत्येक घरात माहीत असावा. मोठ्या माणसाला ७५ मिलिग्रॅमची एक सुई दिवसाला. वेदना फारच असेल तर काही तासांनी दुसऱ्या बाजूला आणखी एक. सुई आणि गोळी मिळून चोवीस तासांत डायक्लोफेनॅक १५० मिलिग्रॅमच्या पुढे नाही, आणि सुया दोन दिवसांच्या पुढे नाहीत. त्यानंतरही दुखत असेल तर का दुखतंय ते शोधायची वेळ आलेली असते. दीड आठवड्यात चार-पाच सुया आणि जोडीला एसिक्लोफेनॅक, म्हणजे त्याच जातीची दोन औषधं एकावर एक. त्यानं वेदना दुपटीनं कमी होत नाही, पोटाचं आणि किडनीचं नुकसान मात्र वाढतं.

आपल्या भागात ही चूक सहज घडते, याचं कारण आपलं राहणंच तसं आहे. बीपी बेळगावला, गुडघा गडहिंग्लजला, मोठं काही निघालं तर मिरजेला, आणि अडीअडचणीला गावातला दवाखाना. चार ठिकाणच्या चार चिठ्ठ्या, आणि त्या एकमेकींना कधी भेटत नाहीत. एकीवर सूचना कन्नडमध्ये, दुसरीवर मराठीत. प्रत्येक डॉक्टर आपल्यापुरतं बरोबर लिहितो आणि पेशंटच्या पोटात एकाच जातीची तीन औषधं जातात. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे : सुई घेताना ॲम्प्यूल, म्हणजे औषधाची छोटी काचेची कुपी, हातात मागा आणि मोबाइलवर तिचा फोटो काढा. "नाव काय?" असं विचारण्यात उद्धटपणा नाही, तो पेशंटचा हक्क आहे. घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून प्रत्येक डॉक्टरांपुढं ओता. आपल्याला कन्नड वाचता येत नसेल किंवा त्यांना मराठी येत नसेल, तरी पाकिटावरचं नाव दोघांनाही कळतं.

मामंजींच्या बाबतीत सगळ्यांत घातक ठरला तो तीन औषधांचा मेळ. हिडकलच्या कालव्यावर शेती करणाऱ्या माणसाला ते लगेच समजेल. किडनीच्या गाळणीत रक्त आत येतं त्या तोंडाचं दार प्रोस्टाग्लँडिनमुळं उघडं राहतं. दुखण्याचं औषध ते दार ओढून घेतं. टेल्मिसार्टन बाहेर पडायचं दार सैल करतं. आणि बीपीच्या गोळीतलं दुसरं औषध, हायड्रोक्लोरोथायाझाइड, लघवी वाढवून कालव्यातलं पाणीच कमी करतं. एकेक गोष्ट किडनी सोसते. तिन्ही एकदम झाल्या, वर दिवसभर फडात उन्हात राबणं आणि प्यायला पाण्याची एक बाटली, की गाळणीवरचा दाब पडतो आणि लघवी आटते. टेल्मिसार्टनच्या जागी लोसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल असेल तरी हेच घडतं. घरातली बीपीची गोळी यांपैकी असेल तर सुईआधी ते सांगितलंच पाहिजे, डॉक्टरांनी विचारलं नाही तरी.

काही जणांना मात्र डायक्लोफेनॅकची एक सुईही नको. ज्यांना हार्ट अटॅक येऊन गेलाय, स्टेंट घातलाय, लकवा झालाय, हृदय कमजोर आहे, त्यांना ती देत नाहीत, कारण या औषधानं अटॅक आणि लकव्याचा धोका वाढतो. अल्सर असलेले, किडनीचा आजार असलेले, रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणारे, आणि ज्यांना ॲस्पिरिन किंवा दुखण्याच्या गोळीनं दमा उठतो ते, यांनीही नाही म्हणायचं. पूर्वी सुईनंतर अंगावर पित्त उठलं असेल, ओठ सुजले असतील, तर ते ठळक अक्षरांत लिहून खिशात ठेवा.

आणखी एक गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही. एकाच सिरिंजमध्ये दोन बाटल्यांतलं औषध ओढून घेतलेलं दिसलं, तर दुसरं बरेचदा डेक्सामेथासोन असतं, म्हणजे स्टेरॉइड. डायक्लोफेनॅक दुसऱ्या कुठल्याही इंजेक्शनमध्ये मिसळू नये असं त्याच्या माहितीपत्रकातच असतं. स्टेरॉइडनं दोन दिवस भूक लागते, अंगात जोर आल्यासारखं वाटतं, आणि म्हणूनच लोक त्याच दवाखान्यात परत जातात. तिकडे साखर चढते, जंतुसंसर्ग झाकला जातो, आणि वारंवार घेतलं तर शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी करतं. काही जण मुद्दाम लाल सुई मागतात. ती बी-१२ जीवनसत्त्वाची असते, सुजलेल्या गुडघ्याला तिचा काही उपयोग नाही.

मामंजींचा गुडघा मात्र तसाच सोडून चालणार नाही. या वयात झीज असतेच आणि कामाच्या ताणानं ती मधूनच भडकते. पण गुडघ्यात पाणी भरलं असेल तर ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी ते सुईनं काढून बघणं योग्य. काही वेळा तिथंच सांध्यात औषध देतात. ते कमरेतल्या सुईपेक्षा अगदी वेगळं काम आहे आणि निर्जंतुक जागीच व्हायला हवं. तोवर सूज असलेल्या दिवसांत फडात जाणं बंद, दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध बाजूच्या हातात काठी, फडक्यात गुंडाळून बर्फ पंधरा मिनिटं, आणि वेदनेला पॅरासिटामॉल. किडनीचा रिपोर्ट नीट आला की डायक्लोफेनॅकचं मलम डॉक्टरांना विचारून लावता येईल; मलमातून रक्तात फार थोडं औषध जातं. सूज उतरल्यावर मांडीचे स्नायू बळकट करायचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. हंगामाच्या तोंडावर "बसा" म्हणणं किती कठीण असतं ते मला ठाऊक आहे, टोळी आली की मालकाला घरी चैन पडत नाही. तरी यंदा मुलानं फड सांभाळावा असं मी मामंजींनाही फोनवर सांगितलं आहे.

प्रश्न : माझ्या आईला कमरेत कळ आली म्हणून घरी येणाऱ्या एका माणसाकडून डाव्या कुल्ल्यात सुई दिली. टोचताक्षणी पायाच्या अंगठ्यापर्यंत वीज गेल्यासारखी कळ गेली. आता तीन आठवडे झाले, पाऊल वर उचलत नाही, चप्पल निसटते. तो माणूस म्हणतो, हळूहळू जाईल. आई मागावर बसते, पायाशिवाय काम होत नाही. — एक मुलगा, वडगाव, बेळगाव

उत्तर : वाट बघू नका. तुम्ही लिहिलेलं लक्षण सायटिक नसेला इजा झाल्याचं आहे. ही नस कुल्ल्याच्या मध्यभागातून खाली मांडीत उतरते. या आठवड्यातच न्यूरॉलॉजिस्ट किंवा ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा. नसेची तपासणी, म्हणजे नर्व्ह कंडक्शन, तीन-चार आठवड्यांनी नीट माहिती देते, तेव्हा तुमची वेळ अगदी बरोबर आहे. पाऊल लोंबकळत राहिलं तर घोट्यामागची शीर आखडते, म्हणून पाऊल सरळ धरणारा पट्टा आणि फिजिओथेरपी आजपासून. पुष्कळांची नस काही महिन्यांत सुधारते, पण सगळ्यांची नाही; ज्यांची सुधारत नाही त्यांच्यासाठी शस्त्रक्रियेचा विचार वेळेत व्हावा लागतो. पायाला बधिरपणा असेल तर शेकायला गरम पिशवी लावू नका, भाजलेलं कळणार नाही. हा निरोप आईंना आज द्या.

वाचकांनी जागा ओळखून ठेवावी. कुल्ल्याचे मनातल्या मनात चार भाग करा, एक उभी रेघ आणि एक आडवी. सुई फक्त वरच्या, बाहेरच्या भागात, कमरेच्या हाडाच्या खाली. खाली नाही, आतल्या बाजूला नाही. ३ मिलीचं डायक्लोफेनॅक दंडातही नाही. पेशंटनं पालथं किंवा कुशीवर झोपून घ्यावी; उभ्या-उभ्या, लुगड्याची कड जरा खाली सरकवून घेतलेली सुई बहुतेक वेळा नको तिथं जाते. आपल्या बायका संकोचानं असं करतात आणि टोचणारा पुरुषही घाई करतो. संकोच वाटत असेल तर सिस्टर मागा, घरातली बाई सोबत उभी करा, पण जागा नीट उघडी करा. टोचल्यावर पायात कळ गेली तर लगेच ओरडा, "काढा" म्हणा. सुई तिथंच थांबवून काढली तर इजा टळू शकते.

टोचल्या जागी लगेच असह्य आग झाली, कातडी पांढरी पडून मग निळसर-जांभळे जाळीदार डाग उठले, तर तेही तातडीचं. हा दुर्मीळ प्रकार आहे, पण डायक्लोफेनॅकच्या सुईनंतर तो घडल्याची नोंद आहे; औषध रक्तवाहिनीत किंवा तिच्या लगत जाऊन कातडीचा रक्तपुरवठा तुटतो. अशा जागेवर बर्फ लावू नये, त्यानं वाढतं. चार-पाच दिवसांनी गाठ लाल होऊन ठणकू लागली आणि ताप आला तर पू झालेला असतो, तो काढावा लागतो.

सिरिंज आणि सुई तुमच्यासमोर नव्या पाकिटातून फोडलेली हवी. सुई घेतल्यावर अर्धा तास दवाखान्यातच बसा. जिवावरची ॲलर्जी उठली तर ती बहुधा याच वेळात उठते, आणि तेव्हा ॲड्रिनॅलिन द्यावं लागतं. ते ज्याच्या पेटीत नाही त्यानं कुणालाही सुई देऊ नये. घरोघरी फिरून टोचणाऱ्यांबद्दल माझं मत यावरूनच समजावं. कर्नाटकात २००७ च्या कायद्यानं प्रत्येक खाजगी दवाखान्याला नोंदणी सक्तीची आहे आणि ते प्रमाणपत्र दर्शनी लावायचं असतं. ते भिंतीवर बघण्याची सवय ठेवा.

प्रश्न : वय बेचाळीस. जत्रेचं जेवण झालं त्या रात्री पायाच्या अंगठ्याचं मूळ सुजलं, लालबुंद झालं, चादरीचा स्पर्श सोसवेना. सुई घेतली, उतरलं. तीन महिन्यांनी परत तेच. युरिक ॲसिड नॉर्मल आलंय. मग हे काय? दर वेळी सुई घेतली तर चालेल? — ढाबाचालक, कागवाड तालुका

उत्तर : वर्णन गाऊटचं आहे, म्हणजे युरिक ॲसिडचे खडे सांध्यात साचून होणाऱ्या संधिवाताचं. झटका चालू असताना युरिक ॲसिड नॉर्मल दिसू शकतं. दोन-तीन आठवड्यांनी परत करा. किडनी, पोट आणि हृदय ठीक असलेल्या तुमच्या वयाच्या माणसाला पहिल्या दिवशी सुई आणि नंतर काही दिवस गोळ्या, हा मान्य उपचार आहे. कोल्चिसिन नावाची गाऊटची गोळीही चालते, पण ती पहिल्या काही तासांत सुरू केली तरच चांगली लागू पडते आणि मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची. युरिक ॲसिड कमी करणारी ॲलोप्युरिनॉलसारखी गोळी झटक्यात आपल्या मनानं सुरू करू नका. आधीपासून चालू असेल तर झटक्यात बंदही करू नका. मटणापेक्षा कलेजी-वजडी जास्त वाईट, आणि बिअर त्याहून. वर्षात दोन किंवा जास्त झटके आले की कायमच्या उपचाराचा विचार करायचा असतो, दर वेळी सुईवर भागवायचं नसतं.

ही मात्र खूणगाठ बांधा. सांधा लाल, गरम आहे आणि सोबत ताप, हुडहुडी, जवळपास जखम किंवा मधुमेह आहे, तर तो सांध्यातला पू असू शकतो. दुखण्याची सुई ताप आणि वेदना दोन्ही दाबते, माणूस दोन दिवस निश्चिंत राहतो, आणि तेवढ्यात सांध्यातली कूर्चा नासायला लागते. अशा सांध्याचं पाणी काढून तपासल्याशिवाय कुणी सुई देऊन घरी पाठवत असेल तर तिथून उठा आणि थेट बेळगाव किंवा मिरज गाठा.

प्रश्न : खानापूरकडे आमच्या वाड्यात घरटी एकाला ताप आणि सांधे धरलेत. चिकुनगुनिया म्हणतात. हात-पाय उचलत नाहीत, एक सुई घेतली की कामाला जाता येतं असं शेजारी सांगतात. — शिक्षिका, खानापूर तालुका

उत्तर : तापाच्या पहिल्या दिवसांत ही सुई नको. चिकुनगुनिया आणि डेंग्यू एकाच जातीच्या डासांनी पसरतात, एकाच वाड्यात एकाच वेळी असू शकतात, आणि सुरुवातीला दोन्हींत अंग सारखंच मोडतं. डेंग्यूत प्लेटलेट घसरलेल्या असताना डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन यांनी रक्तस्राव होऊ शकतो. कमरेत टोचलेल्या जागीही रक्त साकळतं. पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ (डेंग्यूची रक्ततपासणी) आणि प्लेटलेट तपासा. तोवर पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम, सहा तासांच्या अंतरानं, आणि भरपूर पाणी, पेज, ताक. पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, ताप उतरता उतरता गळून जाणं, ही लक्षणं दिसली की रुग्णालयात. डेंग्यू नाही हे नक्की झाल्यावर सांध्यांसाठी गोळ्या देता येतात.

२००६ साली कर्नाटकात चिकुनगुनियाची मोठी साथ आली, तेव्हा आपला बेळगाव जिल्हाही त्यात होरपळून निघाला. ताप चार दिवसांत गेला, पण कित्येकांचे सांधे महिनोन्‌महिने आखडलेले राहिले. एवढ्या लांबणाऱ्या दुखण्याला सुई पुरी पडत नाही, हे तेव्हाच दिसलं. तीन महिन्यांनंतरही सकाळी मुठी वळत नसतील तर संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा. आणि तुम्ही शिक्षिका आहात म्हणून मागते : मुलांकडून घरोघरच्या पाण्याच्या टाक्या आणि बॅरल आठवड्यातून एकदा रिकामी करून, घासून घ्या.

प्रश्न : सातवा महिना चालू आहे. मनगट आणि गुडघे सुजून दुखतात. सासूबाई म्हणतात, एक सुई घे. — निपाणी तालुका

उत्तर : ही सुई घेऊ नका, गोळीही नको. विसाव्या आठवड्यानंतर या औषधानं बाळाच्या भोवतीचं पाणी कमी होऊ शकतं आणि शेवटच्या महिन्यांत बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी बंद होण्याचा धोका असतो. पॅरासिटामॉल डॉक्टरांना विचारून घ्या. पण त्याआधी आजच बीपी मोजा आणि लघवीतलं प्रोटीन तपासा. सातव्या महिन्यातली सूज नुसती सांध्यांची आहे असं धरून चालू नये. सासूबाईंना हे उत्तर वाचून दाखवा, त्यांना तुमची काळजीच आहे.

प्रश्न : बैल लंगडत होता म्हणून जनावरांच्या डॉक्टरांनी मेलॉक्सिकॅमची बाटली दिली, बैल बरा झाला. अर्धी बाटली उरलीय. माझा खांदा लई दुखायलाय, हात वर जात नाही. हे औषध माणसांतही असतं म्हणे. सिरिंजवरून माप घेऊन मारून घेऊ का? — शेतकरी, गोकाक तालुका

उत्तर : नको. औषध माणसांत वापरलं जातं हे खरं, पण ती बाटली तीन-चारशे किलोच्या जनावराच्या हिशेबानं बनलेली असते, सिरिंजवरची एक रेघ चुकली तरी मात्रा कितीतरी वाढते. शिवाय गोठ्यात पुन्हा पुन्हा सुई घातलेली उघडी बाटली म्हणजे तुमच्या दंडात पू भरण्याची सोय. मेलॉक्सिकॅमही याच जातीचं आहे. पोट, किडनी, बीपीच्या गोळ्यांबद्दल वर लिहिलेलं सगळं त्यालाही लागू.

तुमच्या जनावरांच्या डॉक्टरांनी मात्र चांगलं औषध निवडलं. पूर्वी बैल-म्हशींनाही डायक्लोफेनॅक देत. असं जनावर मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं, की त्यांची किडनी बंद पडून ती मरत. माझ्या लहानपणी गावाबाहेर मेलेल्या जनावरावर गिधाडांचा थवा उतरायचा. आमच्या नंतरच्या पिढीनं तो पाहिलाच नाही. २००६ साली भारत सरकारनं जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जात राहिल्या, म्हणून २०१५ पासून माणसांचं इंजेक्शनही एका वेळेपुरतं, जास्तीत जास्त ३ मिलीचंच बांधायचं असा नियम झाला. तेव्हा उलटंही करू नका : घरात माणसासाठी आणलेली ॲम्प्यूल बैलाला देऊ नका. मेलॉक्सिकॅम गिधाडांना बाधत नाही.

तुमच्या खांद्याबद्दल : हात वर जात नाही आणि मागे लुंगीच्या गाठीपर्यंतही पोचत नाही, असं असेल तर खांदा आखडला आहे. असा खांदा मधुमेहींमध्ये फार दिसतो, तेव्हा पहिल्यांदा साखर तपासा. सुईनं रात्रीची झोप लागेल, पण हात वर जाणार नाही. त्यासाठी रोज दोन वेळा अंघोळीच्या गरम पाण्यानंतर व्यायाम लागतो, तोही काही महिने. गोकाकच्या सरकारी रुग्णालयात दाखवून सुरुवात करा, आणि साखरेचा आकडा मला कळवा.